गाळलेलं ‘शकतं’

बेलतेलात भजी तळणारा कोल्हापुरातला पहिला माणूस मी. शेवटचाही मीच असेन, अशी आशा आहे. बेलतेल म्हणजे दारं-खिडक्यांच्या लाकडाला पाजतात ते जवसाचं तेल, उकळून घट्ट केलेलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आमचे अण्णा कारखान्यात रोज जवसाचे गुण गातात, आणि एका रंगाच्या दुकानात जवसाचं तेल मिळतं. मी आत गेलो आणि एक बाटली मागितली.

“दारं का खिडक्या?” दुकानदारानं विचारलं.

“भजी,” मी म्हणालो.

तो पोट धरून हसला. मीही हसलो. त्याला वाटलं मी विनोद केला, मला वाटलं माणूस मोकळा आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. खोलीत इतका धूर झाला की गल्लीतली माणसं बादल्या घेऊन धावली. भजी बाहेरून काळी आणि आतून कच्ची. तरी हट्टानं एक खाल्लं, आणि दोन दिवस अंथरुणात काढले. कढई घरमालकीणबाईंची होती. तिच्यावर मधासारखा पिवळा, चकचकीत थर बसला होता, तो राखेनं निघेना की विटकरीनं. शेवटी बाईंनी त्या कढईत कोरफड लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हकिगत सांगायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. अण्णांनी विचारलं, “कुठं उलथलातास रं इंजनेर, दोन दिस?”

मी सांगितलं. अण्णांनी हातातलं काम खाली ठेवलं. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“आरं लेका,” ते म्हणाले, “ते माणसानं खायाचं न्हाय. ते लाकडानं खायाचं.”

मग त्यांनी मला समजावलं. जवसाच्या तेलाचा स्वभावच असा, की हवा लागली की ते वाळतं आणि साय धरतं. म्हणून लाकूड ते पितं, म्हणून आमच्या कारखान्यातली वाळूही ते धरून ठेवतं. रंगाच्या दुकानातल्या तेलात तर ते लवकर वाळावं म्हणून आणखी काहीबाही घातलेलं असतं. पोटात घालायचं तर बी घालायचं, मंद भाजून, कुटून, ताजं.

“कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

हा दुसरा प्रश्न अण्णांचा खास. कळलं म्हणणाऱ्याला ते तसं कधी सोडत नसत. कारखान्याच्या मॅनेजरलाही त्यांनी एकदा ‘काय कळलं?’ विचारलं होतं, आणि मॅनेजरला सांगता आलं नव्हतं.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिप्लोमा घेऊन चिकटलो होतो. अण्णा तिथं कोअर शॉपचे मिस्त्री. लोखंडाच्या ओतीव वस्तूला आत पोकळी हवी असेल, तर साच्यात त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. वाळूत जवसाचं तेल कालवायचं, पेटीत ठोकून आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. बाहेर येतो तेव्हा तो बिस्किटासारखा दिसतो आणि दगडासारखा वागतो. लोखंड ओतून झालं की आतली वाळू झाडून टाकायची. मागं उरते ती वाट. अण्णांनी तीस वर्षं अशा वाटा केल्या. त्यांच्या हातचा एक कोअर चिरला तर बातमी व्हायची.

डोक्याला पांढरी टोपी, ती मात्र तेलानं पिवळी पडलेली. अंगाला जवसाचा वास. घर हुपरीला, तिथून एस.टी.नं येणं-जाणं. जैनाचं घर, त्यामुळं कांदा-लसूण नाही, आणि सूर्य बुडाल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही. दुसऱ्या पाळीला असले की संध्याकाळी ते गेटपाशी जाऊन पश्चिमेकडं बघत आणि तिथूनच डबा सोडायला सुरुवात करत. जेवणाची सुट्टी अजून व्हायची आहे, असं एकदा सुपरवायझर म्हणाला. अण्णा म्हणाले, “भोंगा कंपनीचा. सूर्य न्हाय.” आणि जेवले.

त्यांच्या डब्याबरोबर एक गोल, पितळी झाकणाचा डबा असायचा. त्यात जवसाची चटणी. लसणाशिवाय, नुसती मिरची, मीठ, जिरं. तो डबा त्यांच्यासाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त. सुट्टी झाली की ते चमचा घेऊन फिरत. मोल्डर, क्रेनवाला, वॉचमन, ट्रक घेऊन आलेला परका ड्रायव्हर, कुणीही सुटायचं नाही. माणशी एक चमचा, भाकरीवर, आणि वर तांब्याभर पाणी पिऊन दाखवायचं. “पाणी न्हाय प्यालास तर पोटात कोअर तयार हुईल,” ते सांगत.

एकदा मी चटणी टाळण्यासाठी म्हणालो, “अण्णा, मी घरी अख्खं जवस खातो. मूठभर, शेंगदाण्यासारखं.”

“अख्खं?” अण्णा थांबले. “अख्खं बी म्हंजे एस.टी.तला पासवाला. इकडनं चढतंय, तिकडनं उतरतंय, म्हामंडळाला काय मिळत न्हाय. कुटून खा. आन् चार दिवसाच्या वर कुटलेलं ठिवू नगं, खवाट हुतंय.”

आणि चटणी दोन चमचे वाढली.

कारखान्याच्या कुंपणाला पावसाळ्यात घोळ उगवायची, ती लालसर देठाची आंबट भाजी. आम्ही तिला तण म्हणायचो. अण्णा पाळी संपल्यावर उकिडवे बसून ती खुडत. नव्या वॉचमननं एकदा त्यांना हटकलं, कंपनीचा माल न्यायचा नाही म्हणून. अण्णांनी त्याला समोर बसवून घोळीचे गुण सांगितले. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या डब्यात घोळ होती आणि कुंपणाला नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा धाकटा भाऊ होता. हुपरीत चांदीचं काम घरोघर चालतं, हा भाऊ पैंजण घडवायचा. चाळिशीचा, धडधाकट. एका सकाळी हातात चिमटा असताना तो बसल्या जागी कलंडला. अण्णा समोरच चहा पीत होते. डॉक्टरनं सांगितलं, रक्तात चरबी होती, हृदयाची नळी तुंबली. “मी जलमभर लोखंडातल्या वाटा मोकळ्या करालोय,” अण्णा मला एकदा म्हणाले, “आन् माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्याची वाट बंद झाली, मला समाजलं न्हाय.”

त्याच डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं की सगळीच चरबी वाईट नसते. एक चांगली असते, ती शरीराला स्वतः तयार करता येत नाही, खाण्यातूनच घ्यावी लागते. तिचं नाव ओमेगा थ्री. अण्णांनी ते घरी येईपर्यंत ‘उमगा तीन’ केलं होतं. मासे खाणाऱ्यांना ती बांगड्यात, तारलीत मिळते, ती सगळ्यांत जोरकस. अण्णांना मासे वर्ज्य. अक्रोडात असते, पण अक्रोड हुपरीच्या रानात पिकत नाही. राहिलं जवस. ज्या तेलात त्यांचे हात तीस वर्षं बुडालेले होते, तेच बी. हा त्यांना देवाचा इशारा वाटला.

“अण्णा, उमगा एक आणि दोन कुठं गेले?” मी विचारलं होतं.

“ते ज्याला लागत्यात त्याला. आपल्याला तीन.”

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजी कागदावरचा तिनाचा आकडा ओळखू यायचा. रद्दीच्या दुकानात उभं राहून ते इंग्रजी पेपर चाळत, जिथं एका विशिष्ट शब्दापुढं तीन दिसेल तो तुकडा फाडून घेत आणि घडी घालून टोपीत ठेवत. सुट्टीत ती घडी माझ्यापुढं यायची. “इंजनेर, वाच.”

आता माझ्या इंग्रजीबद्दल. आमच्या बॅचमध्ये इंग्रजीत नापास झालेले बरेच होते, मी काठावर पास होतो, त्यामुळं माझा दबदबा होता. कारखान्यात मी मुद्दाम इंग्रजी पेपर काखेत घेऊन फिरायचो. अण्णांनी माझ्यावर विश्वास टाकला तो त्या काखेवर.

पहिल्याच कात्रणात अडचण आली. मी अडखळत वाचलं, “जवसामुळं हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो.”

“शकतो म्हंजे?”

“म्हणजे होईल. नाही पण होईल.”

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कच्चा कोअर हातात दिलाय. “इंजनेर, आपल्याकडं शिक्के दोन. पास आन् फेल. ‘शकतो’ असा शिक्का दाव मला.”

मी शिक्का दाखवू शकलो नाही. तेव्हा मी पुन्हा कागदात बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, “हां, चुकलं. कमी होतो, असं आहे.”

“मग असं वाच की.”

तांदळातला खडा काढावा तसं मी ते ‘शकतं’ काढलं. त्यानंतर काढतच राहिलो. अण्णांकडं एक शंभर पानी वही होती, तिच्यात ते माझं प्रत्येक वाक्य टपोऱ्या अक्षरात लिहून घेत. लिहून झालं की वाचून दाखवत, “बरोबर?” मी मान डोलवायचो. एखादा माणूस आपलं बोलणं वहीत उतरवतोय, या गोष्टीची नशा ज्यानं अनुभवली असेल त्यालाच कळेल की मी पुढं का घसरलो.

कारण गाळणं झाल्यावर मी घालायला लागलो. एखादं कात्रण नीरस निघालं की पदरचं टाकायचो. जवसानं टक्कल थांबतं. जवसानं पाठांतर सुधारतं. एकदा लिहिलंय म्हणून सांगितलं, की घरातल्या बाईला रोज जवस दिलं तर तिचा राग शांत होतो. आठवडाभरानं अण्णा कात्रण परत घेऊन आले.

“ते रागाचं बारीक अक्षरात काय लिवलंय बघ बरं परत.”

“का?”

“उलटा गुण आलाय.”

मी हसून लोळलो. क्रेनवाल्याला सांगितलं, मोल्डरना सांगितलं. अण्णांना सोडून सगळ्या कारखान्याला माहीत होतं की इंजनेर कागदातलं वाचत नाही, कागदाकडं बघून बोलतो. कुणी त्यांना सांगितलं नाही. मजा सगळ्यांना हवी होती, आणि मी ती पुरवत होतो.

मग तो दिवस आला. अण्णांच्या भावाचं श्राद्ध म्हणा, त्यांच्यात काय म्हणतात ते मी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी चमचा घेऊन फेरी मारली नाही. भट्टीशी टेकून बसले होते. टोपीतून घडी काढून त्यांनी माझ्याकडं दिली, ‘वाच’ सुद्धा म्हणाले नाहीत.

कात्रण चांगलं होतं, हे मला आज कळतं. जवसातली चरबी, माशातली चरबी, यातला फरक दिला होता. शेवटची ओळ अशी होती, की हा आहार आहे, उपचारांच्या जागी तो घेऊ नये. ती ओळ मला समजली. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पण समोर अण्णांचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याला ही ओळ देणं माझ्या जिवावर आलं.

मी म्हणालो, “लिहिलंय, की जो माणूस सात वर्षं रोज जवस खातो, त्याच्या छातीला कात्री लावायची पाळी येत नाही.”

सात का? पाच कमी वाटली आणि दहा फार.

अण्णांनी वही काढली. “परत सांग, सावकाश.”

मी सावकाश सांगितलं. त्यांनी लिहिलं, खाली रेघ ओढली. “माझी चार झाली,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “त्यानं खाल्लं असतं तर...” आणि उठून भट्टीचं दार उघडायला गेले. त्या दुपारी त्यांनी फेरी मारली, उशिरा का होईना. मला वाटलं, मी पुण्य केलं. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

पुढं चार-पाच वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका सकाळी कोअरची पेटी उचलताना अण्णा खाली बसले. घाम आला होता, डावा हात दाबून धरला होता. आम्ही त्यांना गाडीत घालून कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, आणि थांबण्यात शहाणपणा नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि हुपरीला घरी निघून गेले.

आठ दिवसांनी कारखान्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. “तुमीच इंजनेर न्हवं?” त्या म्हणाल्या. “ते काय आयकंना झाल्यात. डाक्टर म्हणतोय उशीर करू नगा, आन् हे म्हणत्यात, मला लागत न्हाय, वहीत लिवलंय. काय लिवलंय वहीत ते आमाला काय ठावं. तुमच्यावर त्यांचा लई इस्वास हाय. तुमी येऊन सांगा बाबा.”

मी फोन ठेवला. काय लिहिलंय वहीत, हे मला ठाऊक होतं.

रविवारी हुपरीला गेलो. सोप्यात काकी आणि त्यांची सून पैंजणांना घुंगरू जोडत बसल्या होत्या. सून शास्त्र शिकवते गावातल्या शाळेत, सुट्टीच्या दिवशी सासूला हातभार लावते. अण्णा आत खाटेवर होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “ये की लेका, ये. बरं झालं आलास. ह्या लोकास्नी जरा समजावून सांग.”

मी खाटेशेजारी बसलो. आणि पहिल्यांदा जे केलं, ते सांगायला लाज वाटते. मी पळवाटा काढल्या.

“अण्णा, तो कागद जुना होता. शास्त्र पुढं गेलंय.”

“जवस त्येच हाय की.”

“ते परदेशातल्या माणसांवर केलेलं होतं.”

“त्यांच्या छातीत काय येगळं आसतंय?”

“सात वर्षं म्हणजे... काहींना जास्तही लागत असतील.”

“माझी नऊ झाली,” अण्णा म्हणाले. उशाखालून वही काढून त्यांनी ते पान उघडलं. खाली रेघ ओढलेलं वाक्य. पानाच्या कडेला बारीक अक्षरात ‘इंजनेरनं वाचलं’. “पास हाय का फेल, सांग.”

“फेल,” मी म्हणालो.

“आं?”

“असं कुठंच लिहिलं नव्हतं, अण्णा. मी मनानं सांगितलं.”

सोप्यातला घुंगरांचा आवाज थांबला.  मला वाटलं अण्णा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं, टोपीतून पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली.

“आणिक कुठली?”

आणि मग त्या खाटेवर बसून आम्ही ती सगळी वही तपासली. ते एकेका ओळीवर बोट ठेवत.

“ही?”

“खरी. शरीराला तयार करता येत नाही, खाण्यातून घ्यावी लागते.”

“ही?”

“कुटून खायचं. खरी.”

“टक्कल?”

मी रेघ मारली. पाठांतरावर रेघ मारली. बाईच्या रागावर रेघ मारली, तेव्हा सोप्यातून काकींचा खोकला ऐकू आला.

“रक्तातली चरबी कमी होते?”

“होऊ शकते.”

“लिव.”

मी ‘होते’ खोडून वर ‘होऊ शकते’ लिहिलं. असं किती ठिकाणी लिहिलं, मोजलं नाही. जिथून जिथून मी काढलं होतं, तिथं तिथं ते परत बसवलं. काही पानांवर एकही ओळ धड राहिली नाही. शेवटी रेघ ओढलेल्या त्या वाक्यापाशी आलो. मी ते खोडलं आणि कात्रणातली खरी ओळ तिथं लिहिली, की उपचारांच्या जागी हे घेऊ नये. अण्णांनी ती दोनदा वाचली.

“हे तवाच लिवलं हुतं कागदात?”

“हो.”

“आन् तुला कळलं हुतं?”

“कळलं होतं.”

ते ‘काय कळलं?’ विचारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. वही मिटून मांडीवर ठेवली.

“कात्री लावली तर वाचंन का मी?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

मला ‘नक्की’ म्हणायचं होतं. जीभ तिथवर आली होती. “वाचू शकता,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणाले, शक्यता चांगली आहे. न केलं तर फार कमी.”

“आता बरं तुला शकतं आलं,” अण्णा म्हणाले. मग दाराकडं तोंड करून मोठ्यानं हाक दिली, “आगं, उद्याच्या पयल्या गाडीला जायाचं. पिशवी भर.”

ऑपरेशन झालं. नीट झालं. दवाखान्यात मी चार दिवस बाहेरच्या बाकड्यावर होतो. घरी सोडताना डॉक्टरांना अण्णांनी विचारलं, जवस खाऊ का. डॉक्टर म्हणाले, आता लगेच नाही, मी सांगीन तेव्हा. आणि तेव्हाही गोळ्यांबरोबर, गोळ्यांऐवजी नाही. सुनेनं ते तिथल्या तिथं कागदावर लिहून घेतलं.

सहा महिन्यांनी अण्णा कामावर आले. थोडे दिवसच, हिशोब पुरा करून निवृत्त व्हायला. सुट्टीत ते चमचा घेऊन निघाले. माझ्यापाशी थांबले.

“घ्या,” ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. ‘घ्या’ मला होतं. भाकरीवर चमचाभर चटणी आली, नेहमीएवढीच, आणि ते पुढं गेले. क्रेनवाल्याला म्हणाले, “घे रं, पाणी पी वर.”

त्यानंतर त्यांनी मला ‘तू’ म्हटलं नाही. रागानं बोलले नाहीत, टोमणा मारला नाही, कुणाला सांगितलंही नाही. टोपीत घडी मात्र असायची, वरून दिसायची. ती टोपीतच राहायची आणि हुपरीला जायची. मी काखेत इंग्रजी पेपर घेऊन फिरणं सोडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज अण्णा नाहीत. ऑपरेशननंतर बरीच वर्षं ते जगले, शेवटी झोपेत गेले. आता दुकानात तेलाच्या बाटलीवर, अंड्यांच्या खोक्यावर, बिस्किटांवर, सगळीकडं तो तिनाचा आकडा छापलेला असतो. मी उभा राहून बारीक अक्षरं वाचतो. इंग्रजी आता बरं येतं. वाचता वाचता मनातल्या मनात त्याचं कोल्हापुरीत करतो, एक अक्षर न गाळता, आणि शेवटी थांबतो. ‘काय कळलं?’ असं कुणीतरी विचारावं म्हणून थांबतो. दुकानदार म्हणतो, साहेब, घेणार आहात का?

हुपरीला शेवटचा गेलो होतो तेव्हा दोन हजार सात-आठ साल असेल. इंटरनेट कॅफेत बसून मी जवसावरची माहिती शोधली होती, चार पानं छापून घेतली होती. एकेका शब्दासाठी शब्दकोश बघून खाली पेन्सिलीनं मराठी लिहिलं होतं. जिथं ‘शकतं’ होतं तिथं दोनदा अधोरेखित केलं होतं. पूर्वी मी त्या घरात सरळ आत जायचो. त्या दिवशी उंबऱ्यापाशी थांबलो.

अण्णा सोप्यात बसून जवस निवडत होते. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी वर बघितलं.

“या पावणं, बसा.”

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. एस.टी.त शेजारी बसलेल्याला, रस्ता विचारणाऱ्याला. क्षणभर मला वाटलं, त्यांनी ओळखलं नाही. पण त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं, “चहा टाक गं, साखर कमी, ह्यास्नी चालत न्हाय.” माझी साखर त्यांच्या लक्षात होती.

मी बसलो. पोराबाळांचं विचारून झालं, कारखान्यात नवी भट्टी आली तिचं झालं. मग मी पिशवीतून पानं काढली. “अण्णा, जवसाचं आणलंय. नवीन आहे. वाचू का?”

अण्णांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“ठेवा तिथं,” ते म्हणाले. “सूनबाई वाचंल सवडीनं.”

मी पानं कट्ट्यावर ठेवली. वाऱ्यानं उडतील म्हणून त्यांनी त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलं, अगदी नीट, अक्षर झाकणार नाही असं. सुनेनं चहा आणला. मी तो प्यालो. चटणीची पुडी तिनं आधीच बांधून ठेवली होती, ती घेतली, आणि आणखी थोडा वेळ, काही कारण नसताना, बसून राहिलो. अण्णा निवडत होते. सुपात बी सरकल्याचा सळसळ आवाज होत होता.

“येतो, अण्णा,” मी म्हणालो.

ते ‘ये’ म्हणतील म्हणून उंबऱ्यात मी जरा रेंगाळलो.

“या,” अण्णा म्हणाले.